रणजी चालू होती काय?

२ मार्च २०२५. रविवार होता. आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसलेले, कारण दुपारी दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत-न्यूझीलंड मॅच होती. बाबा, काका, चुलतभाऊ, त्याचे दोन मित्र आणि मुरमुऱ्याच्या चिवड्याचं ताट. त्याच वेळी माझ्या मोबाईलवर मेसेज आला आणि मी ओरडलेच, "काका, विदर्भ जिंकला!"

"कशात?"

"रणजीत. तिसऱ्यांदा."

काकांनी टीव्हीवरची नजर काही हलवली नाही. म्हणाले, "रणजी चालू होती काय?"

चालू होती, काका. आपल्याच नागपूरला, जामठ्याच्या मैदानावर पाच दिवस फायनल चालली होती. समृद्धी महामार्गाने निघालो असतो तर सकाळी चहा घरी आणि लंचनंतरचं सेशन मैदानात, इतकं ते जवळ होतं. पण वरुण चक्रवर्तीच्या पाच विकेट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत आणि त्याच फायनलमध्ये दीडशतक ठोकणारा दानिश मालेवार कोण, हे मला त्या दिवशी तीनदा समजावून सांगावं लागलं. चुलतभावाला तर वेगळाच धक्का बसला. "करुण नायर आपल्याकडून खेळते काय?" खेळत होता, दादा. पहिल्या डावात ८६, दुसऱ्यात १३५. आणि आता तो पुन्हा कर्नाटकात गेलासुद्धा.

हे आठवण्याचं कारण म्हणजे नुकताच इराणी कप झाला. तोही जामठ्यालाच. विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवलं आणि पहिल्या डावात १४३ धावा केल्या त्या अकोल्याच्या अथर्व तायडेने. अकोल्याच्या! आपल्या वाशिमपासून ऐंशी-एक किलोमीटर. १९९८ पर्यंत आपण ज्या जिल्ह्यात होतो, त्या जिल्ह्याच्या पोराने. या वेळी मी काकांना काही सांगितलं नाही, सरळ हे पान लिहायला घेतलं.

आपल्या पिढीला विदर्भ जिंकतो याचं आता फारसं आश्चर्य वाटत नाही. पण आपल्या वडिलांना विचारून बघा. विदर्भाचा संघ १९५७-५८ च्या मोसमात पहिल्यांदा रणजी खेळला. त्यानंतर साठ वर्षं आपण फक्त खेळायचो. मोठ्या संघांना आपल्याविरुद्धची मॅच म्हणजे गुण वसूल करायची जागा वाटायची. कित्येक मोसम तर आपण प्लेट गटात, म्हणजे खालच्या पंगतीत होतो. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू हे जन्माने नागपूरचे, हे आपण अभिमानाने सांगतो. पण पुढची गोष्ट सांगत नाही. नायडू १९२३ साली होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून इंदूरला गेले आणि तिथलेच झाले. नागपूरला गुणवत्ता तेव्हाही होती. खेळ मात्र इंदूरला होता, कारण तिथे खेळावर पैसा आणि जीव लावणारा माणूस होता.

मग २०१७ चा डिसेंबर आला. सेमीफायनल कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, समोर कर्नाटक. त्यांना जिंकायला १९८ हव्या होत्या. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांच्या सात विकेट गेलेल्या, धावा १११. वाटलं झालं आपलं काम. कसलं काय! त्यांच्या शेवटच्या खेळाडूंनी एकेक धाव करत स्कोअर पार १९२ पर्यंत नेला आणि तिथे रजनीश गुरबानीने शेवटची विकेट काढली. पाच धावांनी जिंकलो. गुरबानीने त्या डावात सात आणि मॅचमध्ये बारा विकेट घेतल्या. हा गुरबानी सिव्हिल इंजिनिअर आहे बरं का. कॅम्पस, बॅकलॉग, प्रॅक्टिकल हे सगळं करून आलेला. फायनल इंदूरला, दिल्लीविरुद्ध, होळकर स्टेडियमवर. त्यात त्याने हॅटट्रिक घेतली. रणजी फायनलच्या इतिहासातली ही फक्त दुसरी हॅटट्रिक. अक्षय वाडकरने १३३ केल्या, ते त्याचं पहिलंच प्रथम श्रेणी शतक. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ विकेटने जिंकला. नायडू ज्या होळकरांच्या शहरात गेले होते, तिथेच आपण ट्रॉफी उचलली. असा योग कुणी सिनेमात दाखवला तर आपण म्हणू, जास्तच झालं.

आणि एक गोष्ट या फायनलची, जी आपल्या भागात सांगायलाच पाहिजे. उमेश यादव दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यामुळे फायनलला नव्हता. त्याच्या जागी ज्या पोराने प्रथम श्रेणी पदार्पण केलं, तो आदित्य ठाकरे. वय १९. तोही अकोल्याचा.

पुढच्या वर्षी जामठ्यालाच सौराष्ट्रला ७८ धावांनी हरवून आपण ट्रॉफी राखली. त्या मॅचमध्ये आदित्य सरवटेने अकरा विकेट घेतल्या आणि चेतेश्वर पुजाराला दोन डावांत मिळून एकच धाव करू दिली. त्यानंतरचा इराणी कपही जिंकला आणि बक्षिसाची रक्कम फैज फजलच्या संघाने पुलवामातल्या शहिदांच्या कुटुंबांना दिली. २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईकडून फायनल हरलो. पहिल्या डावात १०५ मध्ये गुंडाळले गेलो होतो. तरी ५३८ चं टार्गेट समोर असताना वाडकरच्या शतकाच्या जोरावर ३६८ पर्यंत गेलो. त्या मॅचने मला जिंकलेल्या फायनलपेक्षा जास्त शिकवलं. जुना विदर्भ असता तर चौथ्याच दिवशी बॅगा भरल्या असत्या. पुढच्या वर्षी सेमीफायनलला तीच मुंबई, ४२ रणजी जिंकलेली मुंबई, आपण ८० धावांनी हरवली. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ विकेट घेतल्या. एका रणजी मोसमात इतक्या विकेट आजवर कुणी घेतल्या नव्हत्या. सर्वाधिक धावा ९६०, यश राठोडच्या. म्हणजे देशात सर्वाधिक धावा करणाराही आपला आणि सर्वाधिक विकेट घेणाराही आपलाच.

आता मूळ प्रश्न. हे झालं कसं?

कट्ट्यावर याची दोन उत्तरं मिळतात. एक, "नशीब." दुसरं, "बाहेरचे खेळाडू आणून जिंकले, त्यात काय एवढं." पहिल्यावर बोलायचं कारण नाही, तीन ट्रॉफ्या आणि चार फायनल नशिबाने होत नाहीत. दुसरं मात्र नीट बघायला पाहिजे, कारण त्यात अर्धं सत्य आहे.

हो, बाहेरचे आणले. बद्रीनाथ आला, गणेश सतीश आला, वसीम जाफर आला. २०१८-१९ ला चाळिशीत असलेल्या जाफरने हजारावर धावा केल्या. कोच चंद्रकांत पंडित, तेही मुंबईचे. मुंबईच्या क्रिकेटमध्ये एक शब्द आहे, खडूस. विकेट फुकट द्यायची नाही, समोरच्याला हसू द्यायचं नाही, दिवस संपेपर्यंत उभं राहायचं. आपल्याकडे स्वभाव उलटा. वऱ्हाडी माणूस दिलदार, विकेटसुद्धा दिलदारपणे द्यायचा! पंडितसरांनी तो दिलदारपणा मैदानाबाहेर ठेवायला लावला. त्यांची शिस्त अशी की मोठमोठे खेळाडू टरकून असायचे म्हणतात.

पण भाड्याने माणूस आणून घर चालतं का? कित्येक राज्यांनी मोठी नावं आणली, दोन वर्षं खेळवली, फोटो काढले आणि पुन्हा होते तिथेच. विदर्भाचं वेगळेपण असं की बाहेरून आणलेल्या मोजक्या लोकांच्या आजूबाजूला घरची पोरं उभी केली. २०१७ च्या फायनलमध्ये जाफर होता, पण हॅटट्रिक गुरबानीची होती आणि शतक वाडकरचं. २०२५ ला नायर होता, पण मॅन ऑफ द मॅच मालेवार, आणि त्याचा तो रणजीतला पहिलाच मोसम. घरची पोरं आकाशातून पडली नाहीत. विदर्भ क्रिकेट असोसिएशनने २००८ मध्ये जामठ्याचं स्टेडियम कसोटीसाठी खुलं केलं, त्याच सुमारास निवासी अकादमी सुरू केली, वयोगटाच्या संघांवर पैसे खर्च केले. शेतातल्या भाषेत सांगायचं तर आधी विहीर खोदली, मग पेरलं. २०१७-१८ ला फक्त रणजी जिंकली असं नाही, १९ वर्षांखालची कूचबिहार ट्रॉफीही त्याच मोसमात विदर्भाने पहिल्यांदा जिंकली आणि त्या फायनलमध्ये कर्णधार अथर्व तायडेने ३२० केल्या. वरचा मजला बांधताना खालचा मजलाही बांधला जात होता, म्हणून घर टिकलं.

आणि बाहेरचा-आतला या वादाचं काय करायचं ते २०२५ च्या फायनलनेच सांगितलं. केरळकडून ७९ धावा करून आपल्याला घाम फोडणारा कोण होता? आदित्य सरवटे. तोच, आपला, अकरा विकेटवाला. आणि विदर्भाच्या संघात सलामीला कोण? ध्रुव शोरी, ज्याने २०१७ च्या फायनलमध्ये दिल्लीकडून आपल्याच गोलंदाजांना १४५ धावा कुटल्या होत्या. मल्याळी घरातला नायर विदर्भाकडून केरळविरुद्ध शतक ठोकतो आणि नागपूरचा सरवटे केरळसाठी विदर्भाशी भिडतो. मला यात काहीच चुकीचं दिसत नाही. आपणही उद्या नोकरीसाठी पुण्याला जाणारच आहोत की.

इथपर्यंत कौतुक झालं. आता थोडं टोचणारं लिहिते.

विदर्भ म्हणजे अकरा जिल्हे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या दोन कोटी तीस लाखांच्या आसपास. हा आकडा मी सहज दिलेला नाही. श्रीलंका या देशाची लोकसंख्या साधारण एवढीच आहे. समुद्रातलं एक छोटं बेट. १९८१ ला त्यांना कसोटीचा दर्जा मिळाला आणि १७ मार्च १९९६ ला लाहोरला ऑस्ट्रेलियाला हरवून त्यांनी वर्ल्ड कप उचलला. पंधरा वर्षांत. त्या वर्ल्ड कपचा सर्वोत्तम खेळाडू होता सनथ जयसूर्या. तो कोलंबोच्या बड्या शाळेतला नव्हता. तो मातारा नावाच्या दक्षिण टोकाच्या मच्छीमारांच्या गावचा, कोलंबोपासून दीडशेहून जास्त किलोमीटर दूर. नंतर आलेला लसिथ मलिंगाही तसाच, गॉलजवळच्या रथगामाचा. सतरा वर्षांचा होईपर्यंत समुद्रकिनाऱ्यावर टेनिस बॉलने खेळायचा. त्याची ती तिरपी, झोपलेली ॲक्शन तिथूनच आली. गॉलला एका जाणत्या माजी गोलंदाजाने त्याला पाहिलं आणि त्याच्या हातात लेदर बॉल दिला. छोटा देश मोठा कधी होतो, तर त्याचं क्रिकेट राजधानीतून बाहेर पडतं तेव्हा.

मग आपल्या या 'देशा'ची राजधानी नागपूर म्हणू. खेळ नागपुरातून बाहेर पडलाय का?

पडलाय, थोडा. अमरावतीने जितेश शर्मा दिला, जो भारताकडून खेळला. भारती फुलमाळी अमरावतीचीच, २०१९ ला भारताच्या टी-ट्वेंटी संघात होती. दिशा कासटही तिथलीच. अकोल्याने तायडे दिला, ठाकरे दिला. आणि उमेश यादव तर खाण कामगाराचा मुलगा, नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या कोळशाच्या पट्ट्यातला. विदर्भातून कसोटी खेळलेला तो पहिला. २००८ मध्ये रणजी खेळायला लागण्याआधी तो बहुतेक टेनिस बॉलच खेळला होता. आणि त्याआधी त्याने काय केलं होतं माहितीये? सैन्यात आणि पोलिसात भरती व्हायचा प्रयत्न.

हे वाक्य पुन्हा वाचा. मग उद्या पहाटे साडेपाचला आपल्या गावच्या रस्त्यावर उभे राहा. भरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतील. मंगरुळपीर रोडला दिसतील, रिसोडला दिसतील, मानोऱ्याला दिसतील. उंच, काटक, दमदार. त्यांच्यात एखादा उमेश आहे की नाही हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कारण बघायला कुणी येतच नाही.

वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाखांच्या घरात. सहा तालुके. विदर्भाच्या रणजी संघाची चर्चा करताना आपल्या जिल्ह्याचं एकही नाव माझ्या तोंडी येत नाही. आमच्या ऑफिसात क्रीडा पान बघणाऱ्या सरांना विचारलं, तेही डोकं खाजवत बसले.

क्रिकेट कमी खेळतो म्हणून असं आहे, हे कुणी म्हणू नये. सोयाबीन निघालं की वावरं मोकळी होतात, हरभरा पेरायच्या आधी दहा-पंधरा दिवस मिळाले तरी पोरं तिथे पिच पाडतात. दिवाळीनंतर तर गावोगाव स्पर्धा. फ्लेक्सवर मधोमध नेत्याचा फोटो, खाली 'प्रथम बक्षीस अमुक साहेबांतर्फे', लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री, आणि टेनिस बॉल पार विहिरीपलीकडे जातो. मी गेली चार वर्षं माझ्या चुलतभावाच्या टीमची स्कोअरर आहे. वही माझी, पेन माझा, वाईड द्यायचा की नाही यावरून भांडणही माझंच. त्यामुळे सांगते, आपल्याकडे बॉल लांब मारणारे आणि जोरात टाकणारे भरपूर आहेत.

पण टेनिस बॉल आणि लेदर बॉल हे दोन वेगळे खेळ आहेत. टेनिस बॉल उसळतो, लेदर बॉल हलतो. टेनिसला आडवी बॅट चालते, लेदरला पहिल्याच ओव्हरला स्टंप उडतात. त्यात गार्ड, पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट, चांगली बॅट. एका किटच्या पैशात घरातल्या एकाची वर्षाची फी निघते. किट घेतलं तरी खेळायचं कुठे? टर्फ विकेट म्हणजे रोज पाणी, रोज रोलर, राखायला माणूस. आणि हे सगळं जमलं तरी मॅच कुणाशी? नागपुरात गुजदर लीग आहे, क्लब आहेत, मोसमभर लेदरच्या मॅचेस होतात, निवड करणारे लोक तिथे बसलेले असतात. त्या लीगमध्ये दिसायचं तर आधी नागपुरात राहायचं. म्हणजे खोली, मेस, कॉलेज बदली. चौदाव्या-पंधराव्या वर्षी. सांगा, कोणता शेतकरी बाप तयार होईल?

माझ्या चुलतभावाची गोष्ट मुद्दाम थोडक्यात सांगते, कारण ती फक्त त्याची नाही. चार वर्षांपूर्वी एका निवड चाचणीची सूचना त्याला कळली ती व्हॉट्सॲपवर, चाचणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. तो काही रडला-बिडला नाही. "जाऊ दे न, तिथं काय आपलं होणार होतं," म्हणाला आणि सोयाबीनवर फवारणीला गेला. मला तो हरण्यापेक्षा तो 'जाऊ दे न' जास्त लागला. साठ वर्षं विदर्भाचा संघही मुंबईसमोर मनातल्या मनात हेच म्हणत होता.

इथे कुणीतरी म्हणेल, ताई, हा आकांक्षित जिल्हा आहे. नीती आयोगाने २०१८ ला देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी केली त्यात महाराष्ट्रातले गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशिम होते. यंदाच्या पावसाने सोयाबीनचं काय केलं ते बघितलंस ना? अशात तुला टर्फ विकेट सुचतेय?

सुचतेय, आणि हिशेब मांडूनच सुचतेय. बीसीसीआयने २०२१ मध्ये ठरवलेल्या मानधनानुसार रणजी खेळणाऱ्या नवख्या खेळाडूलासुद्धा दिवसाला ४०,००० रुपये मिळतात. चार दिवसांची एक मॅच म्हणजे १,६०,००० रुपये. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे एक मॅच बरोबर तीस क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव हातात पडला तर. बाजार समितीत काय मिळतो ते मी सांगायला नको. त्यात राज्य सरकारच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. श्रीमंतांचे चोचले म्हणून क्रिकेटकडे बघणं नागपूर-मुंबईला परवडेल. आपल्यासाठी ती पोलीस भरतीसारखीच एक वाट आहे, फक्त तिचा फॉर्म आपल्यापर्यंत पोचत नाही.

मी स्टेडियम मागत नाहीये. स्टेडियमची भूमिपूजनं होतात आणि मग तिथे म्हशी चरतात, हे आपण पाहिलंय. जिल्ह्याला एक नीट राखलेली टर्फ विकेट आणि तालुक्याला एक मॅटिंग. पगारी प्रशिक्षक एकच द्या, पण वर्षभर द्या, उन्हाळी शिबिरापुरता नको. मोसमात दर रविवारी अकोल्याच्या मैदानावर खेळायला जाण्यासाठी एक गाडी. चाचणीची सूचना प्रत्येक कॉलेजच्या फलकावर पंधरा दिवस आधी लागली पाहिजे. आणि असोसिएशनच्या निवडकर्त्यांनी मोसमात दोनदा तरी इकडे यावं, समृद्धीने आता वेळही फार लागत नाही. हे विदर्भ क्रिकेटच्या धुरिणांना उद्देशून आहे, कारण दूरच्या दुर्लक्षित जागेतून चॅम्पियन कसे काढायचे हे आज देशात त्यांच्याइतकं कुणाला कळत नसेल. त्यांनी मुंबईच्या नजरेतला मागासपणा पुसून दाखवला. आता त्यांच्याच नजरेत वाशिम तसा राहू नये, एवढंच म्हणणं. तसा हा नागपूर-वाशिम संबंध जुना आहे म्हणा. वाकाटकांची एक शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनला राज्य करायची आणि दुसरी इथे, वत्सगुल्मला. तेव्हा तरी आम्ही बारावा खेळाडू नव्हतो.

पण बोट फक्त नागपूरकडे दाखवून चालणार नाही. आपल्या कॉलेजांचं काय? संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाखाली आपण, अकोला, बुलडाणा, यवतमाळ, अमरावती असे पाच जिल्हे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात. त्यासाठी टीम कशी निवडली जाते? आदल्या आठवड्यात नोटीस, ज्याच्याकडे पांढरी पॅन्ट आहे तो आत. सराव शून्य. मुलींची टीम तर अनेक ठिकाणी अकरा नावं जमली नाहीत म्हणून जातच नाही. मी स्वतः ते अकरावं नाव व्हायला तयार होते, पण सात-आठच्या पुढे गाडी गेली नाही. घरी विचारणाऱ्या प्रत्येकीला एकच प्रश्न आला होता, "क्रिकेट खेळून काय करणार?" भारती फुलमाळीच्या अमरावतीत आणि आपल्या वाशिममध्ये फरक एवढाच की तिथे या प्रश्नाला दाखवायला एक उत्तर तयार आहे.

आणि आपण प्रेक्षक म्हणून तरी कुठे आहोत? आपल्याला आयपीएलच्या दहा टीमचे स्पिनर पाठ, हर्ष दुबे डावखुरा की उजवा हे सांगता येत नाही. (डावखुरा.) रणजीचा नवा मोसम आता सुरू होतोय. स्कोअर मोबाईलवर फुकट दिसतो. दिवसातून दोन मिनिटं. ज्या संघाचं यश बघायला घरचीच माणसं नसतात, त्या संघाने आपल्याकडे बघावं असं कोणत्या तोंडाने म्हणायचं, हा प्रश्न मला २ मार्चपासून छळतोय.

काकांमध्ये मात्र थोडी सुधारणा आहे. परवा जेवताना त्यांनी स्वतःहून विचारलं, "ते अकोल्याचं पोट्टं, तायडे, त्याचं काय झालं?" मी १४३ सांगितल्या. त्यांनी घास तोंडात तसाच ठेवून मान हलवली.

येत्या रविवारी आमच्या वावरात मॅच आहे. सोयाबीन काढून झालंय, चुलतभावाने बावीस यार्ड दोरीने मोजून ठेवलेत. बॉल या वेळी लेदरचा आहे, वर्गणी काढून आणलाय. पॅडची जोडी एकच मिळाली, त्यामुळे ठरलंय असं की स्ट्रायकरने एक घालायचं आणि समोरच्याने दुसरं. उजव्या आणि डावखुऱ्या बॅट्समनची जोडी आली तर कुणी कोणत्या पायात घालायचं, यावरून कालपासून वाद सुरू आहे. नियम लिहून देण्याचं काम अर्थातच स्कोअररवर आलंय.